मांजराचे ताट : कच्चे, शिजवलेले की पाकिटातले?



मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात अन्नसाखळी शिकवली जात असताना दोन मुलांचे भांडण जुंपले. एकाचे म्हणणे, ‘आमची मांजर कच्चे मांसच खाते. वाघाला कोण शिजवून घालतो?’ दुसरीचे म्हणणे, ‘आमच्या डॉक्टरांनी सांगितले आहे, पाकिटातलेच द्यायचे. कच्चे खाऊन मांजर मरते.’ ‘मरते’ हा शब्द ऐकून पहिल्याचा चेहरा उतरला. त्याची आजी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून कोंबडीचे छिछडे आणून मांजरीला घालते. आपणच तिला मारत तर नाही ना, अशी भीती त्याच्या मनात बसली. शेवटी दोघेही माझ्या खोलीत आले. मी म्हटले, ‘मला थोडा अभ्यास करू द्या, मी आपल्या पत्रिकेत लिहीन.’ तो हा लेख. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले आहे, शास्त्राचे शब्द मला आधी हिंदीत सुचतात. भाषेची चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय ऐकून विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी मला विचारले, की शाळेच्या पत्रिकेत मांसाची चर्चा कशाला? त्यांचा मान राखून मी एवढेच सांगेन, की शाकाहारी घरात राहिले म्हणून मांजर शाकाहारी होत नाही. आणि हा विषय नुसता मांजराचाही राहिलेला नाही, हे पुढे कळेलच.

आपल्या मराठी घरांत मांजर म्हटले की दूध-पोळी. माझ्या आजोळी ग्वाल्हेरला वाड्यात तीन-चार मांजरे असत. सकाळी त्यांना बशीभर दूध आणि शिळ्या पोळीचा कुस्करा मिळे, आणि मांजरे चांगली गलेलठ्ठ असत. म्हणून मला कितीतरी वर्षे वाटे, की मांजर दूध-पोळीवर जगते. पण ती मांजरे रात्री काय करत होती, याचा विचार मी केलाच नव्हता. वाड्यात धान्याची कोठी होती आणि कोठीत उंदीर होते. दूध-पोळी हा त्यांचा नाश्ता होता, जेवण कोठीत होत असे.

आता उंदराकडे जरा विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. त्याच्या अंगात सुमारे 70 टक्के पाणी. हाडांत कॅल्शियम. यकृतात अ जीवनसत्त्व. हृदयात आणि स्नायूंत टॉरिन नावाचे द्रव्य, ज्याच्याविषयी पुढे लिहिते आहे. मांजर उंदीर अख्खा खाते, म्हणून तिला सगळे मिळते. आपण गाजर खाल्ले तर आपले शरीर त्यातून अ जीवनसत्त्व बनवते; मांजराला हे जमत नाही, तिला ते तयारच लागते. शरीराला लागणारी काही स्निग्धाम्लेही ती वनस्पतींच्या तेलातून बनवू शकत नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ तिला सक्तीची मांसाहारी म्हणतात. कुत्र्याचे तसे नाही, कुत्रा पोळीवर बराच काळ निभावून नेतो. आणि दुधाचे म्हणाल तर वयात आलेल्या पुष्कळ मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडते.

आपण आता वाड्यांतून फ्लॅटमध्ये आलो. कोलार रोडच्या चौथ्या मजल्यावर उंदीर नाही, आणि मांजर दाराबाहेर जात नाही. म्हणजे तो अख्खा उंदीर आता आपल्याला पुरवायचा आहे. कच्चे मांस घालणारे आणि पाकीट फोडणारे, दोघेही आपापल्या परीने उंदीरच बनवू पाहत आहेत. प्रश्न आहे तो कोणाचा उंदीर कुठे अपुरा पडतो, याचा.

माझी स्वतःची चूक

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या धाकट्याने पावसात भिजलेले एक पिल्लू घरी आणले. आम्ही घरात मांस शिजवत नाही. शेजारच्या एका भाभीजींनी सल्ला दिला, की कच्चा कीमा द्या, बिनहाडाचा, म्हणजे घशात अडकणार नाही. आम्ही नाक मुरडत का होईना, रोज कीमा आणू लागलो. पिल्लू आनंदाने खाई. दोन महिन्यांत ते लंगडू लागले, उचलले की ओरडे. मला वाटले, कुठून तरी पडले असेल. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि मला विचारले, ‘मॅडम, याला काय खायला देता?’ मी मोठ्या अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, ‘याची हाडे कागदासारखी झाली आहेत.’

कारण सरळ आहे, आणि मी विज्ञान शिकवणारी असून ते मला सुचले नव्हते. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. प्रमाण साधारण एकास पंधरा किंवा वीस. शरीराला दोन्ही जवळजवळ सारखे लागतात. रक्तातले कॅल्शियम कमी पडले, की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेते. वाढत्या पिल्लाची हाडे अशी पोकळ होत जातात. आहार बदलल्यावर आमचे पिल्लू वाचले, बारा वर्षे जगले, पण मागचा एक पाय शेवटपर्यंत वाकडाच राहिला. तो पाय मी रोज पाहत असे.

वनविहारातल्या वाघाचा दाखला देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. वाघाला पिंजऱ्यात कच्चे मांस मिळते हे खरे, पण ते हाडासकट असते आणि त्याच्यावर पशुवैद्यांची नजर असते. आपल्या छिछड्यांच्या पिशवीवर कोणाची नजर असते?

याच्या उलट काही लोक कौतुकाने फक्त कलेजीच घालतात. मौज पाहा, हिंदीतली कलेजी आणि आपले काळीज एकच, आणि मराठीत आपण जिवापाड माणसाला काळीज म्हणतो. पण रोज काळीज खाऊन मांजराच्या अंगात अ जीवनसत्त्व इतके साठते, की मानेची हाडे एकमेकांना जुळून जातात आणि तिला मान वळवता येत नाही. कलेजी थोडी असावी, रोजचे जेवण नसावे.

टॉरिनची गोष्ट

आता पाकिटाकडे येऊ. 1930 च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये फ्रान्सिस पॉटेंजर नावाच्या डॉक्टरांनी मांजरांवर काही वर्षे प्रयोग केला. काहींना कच्चे मांस दिले, काहींना शिजवलेले. कच्चे खाणारी मांजरे धडधाकट राहिली, शिजवलेले खाणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या प्रकृती ढासळत गेली. कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते आजही हा प्रयोग पुढे करतात. पण मांजराला टॉरिन बाहेरून मिळावे लागते, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. 1975 साली टॉरिनच्या अभावाने मांजराच्या डोळ्याचा पडदा खराब होतो हे सिद्ध झाले. मांस उकळताना टॉरिन पाण्यात उतरते आणि ते पाणी आपण ओतून देतो. शिजवण्याला दोष द्यायचा, तर तो एवढाच, आणि त्यावर उपाय आहे.

पाकिटवाल्यांनीही फुशारकी मारू नये. 1987 साली अमेरिकेतील डेव्हिस येथील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की नामांकित कंपन्यांचे खाद्य खाणारी मांजरे हृदय फुगून मरत होती. त्या खाद्यात टॉरिन त्यावेळच्या नियमाइतके होते, पण नियमच कमी पडत होता. टॉरिन दिल्यावर कितीतरी मांजरांचे हृदय सुधारले. मग कंपन्यांनी प्रमाण वाढवले आणि तो आजार एकदम घटला. मला या गोष्टीत विशेष वाटते ते हे, की चूक सापडली आणि सगळ्या पाकिटांत दुरुस्त झाली. माझ्या कीम्यातली चूक मात्र माझ्या एकटीच्या स्वयंपाकघरात झाली होती. डॉक्टरांनी विचारले नसते तर ती कोणाला कळलीही नसती.

2007 साली आणखी एक मोठा घोटाळा झाला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, प्रथिने जास्त दिसावीत म्हणून, मेलामाइन हे रसायन मिसळलेले होते. ते पाकिटांत गेले आणि उत्तर अमेरिकेत कितीतरी कुत्री-मांजरे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. त्यामुळे ‘कारखान्यातले म्हणजे सुरक्षित’ असे मी म्हणणार नाही. शिवाय कोरड्या दाण्यांत पाणी सुमारे 10 टक्केच असते, ओल्या खाद्यात 75 ते 80. मांजर मुळात वाळवंटी रानमांजराची वंशज, तिला तहान कमी लागते. केवळ कोरडे दाणे खाणाऱ्या बोक्यांना लघवी अडण्याचा त्रास होऊ शकतो. बोका वारंवार बसतो आणि लघवी होत नाही असे दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

इथपर्यंत पाहिले तर दोन्ही पारडी सारखीच वाटतात. पाच-सहा वर्षांपूर्वी लिहायला बसले असते, तर ‘ज्याला जे जमेल ते नीट करावे’ असे लिहून मी लेख संपवला असता. आता तसे लिहिता येत नाही. त्याचे कारण आपल्याच गावात आहे.

आनंदनगरची प्रयोगशाळा

रायसेन रोडने जाताना आनंदनगरला एक मोठी, बंदोबस्ताची संस्था आहे. राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थान असे तिचे नाव. देशात कुठेही बर्ड फ्लूचा संशय आला, की शेवटची खात्री करायला नमुने इथे येतात. 2006 च्या फेब्रुवारीत भारतात पहिल्यांदा हा रोग सापडला, तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांमध्ये. तेव्हाचे नमुनेही इथेच तपासले गेले. 2020 संपून 2021 उजाडताना इंदूरला कावळे पटापट मरून पडू लागले, त्याचे निदानही इथलेच. आपल्यापैकी किती जणांना ही संस्था माहीत आहे? मला स्वतःला नीट माहीत नव्हती.

2024 च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळला आले, आणि 2025 च्या जानेवारीत निदान झाले : एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लू. खाण्यात आलेल्या कोंबडीतून लागण झाली असावी, असा संशय व्यक्त झाला. त्याच जानेवारीत आपल्या छिंदवाड्याच्या पाळीव मांजरांचे नमुने आले आणि त्यांतही हाच विषाणू निघाला. भारतात पाळीव मांजरांत तो सापडण्याची ही पहिली वेळ. मांजरांना ताप आला, त्यांनी खाणे सोडले आणि ती थोड्याच दिवसांत गेली. बाजारातल्या कोंबड्यांतही विषाणू सापडला, दुकाने बंद ठेवावी लागली. संपर्कातल्या माणसांचे नमुने पुण्याला पाठवले गेले. सुदैवाने कोणालाही लागण झालेली आढळली नाही. आपल्या पालकांपैकी किती जणींचे माहेर छिंदवाडा, सौंसर, पांढुर्णा भागातले आहे, हे मी वेगळे सांगायला नको. पुढे 2025 च्या मे महिन्यात गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयात एक वाघीण याच रोगाने गेली.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. 2004 साली थायलंडमध्ये एका व्याघ्रालयात कच्च्या कोंबड्या खाल्ल्याने हा रोग पसरला, आणि 441 पैकी 147 वाघ मेले किंवा मारावे लागले. 2023 मध्ये पोलंडमध्ये पाळीव मांजरे मेली. 2024 च्या अखेरीस अमेरिकेत ओरेगन राज्यात एक मांजर गोठवलेले कच्चे टर्की मांस खाऊन मेले. ते मांस पाकिटातच आले होते. म्हणून आठवीतल्या दोघांनाही सांगते, की तुमचा वाद ‘कच्चे विरुद्ध पाकीट’ असा मांडणेच थोडे चुकले. पाकिटातलेही कच्चे असू शकते. फ्रीजरमध्ये ठेवल्याने हा विषाणू मरत नाही. 70 अंश सेल्सियसच्या वर नीट शिजवल्यावर तो मरतो. साल्मोनेला नावाच्या जंतूचेही तेच. तो कच्च्या कोंबडीवर अनेकदा असतो, मांजराला काही होवो न होवो, तिचे ताट धुणाऱ्या हातांना तो लागतो. आणि आपल्या घरांत ते ताट बहुधा मुलेच धुतात. वर मी म्हटले होते, विषय नुसता मांजराचा राहिलेला नाही, ते यासाठी.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. कच्चे, विशेषतः कच्ची कोंबडी आणि तिचे छिछडे, मांजराला घालू नये. कच्च्याच्या बाजूचे लोक मांजराच्या स्वभावाविषयी जे सांगतात ते बरेचसे खरे आहे, पण छिंदवाड्यानंतर ते पुरेसे नाही.

मग घालावे काय?

ज्यांना परवडते आणि ज्यांच्या घरी मांस शिजत नाही, त्यांनी पाकीट आणावे. संकोच करण्याचे कारण नाही. पण पाकीट वाचून आणावे. त्यावर ‘पूर्ण व संतुलित आहार’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आहेत का, ते पाहा. काही छोटी पाकिटे केवळ पूरक म्हणून असतात, त्यांवर मांजर पोसता येत नाही. पिल्लासाठी वेगळे, मोठ्यासाठी वेगळे. कुत्र्याचे खाद्य मांजराला चालत नाही, कारण कुत्र्याला टॉरिन तितके लागत नाही. काही दुकानांत मोठ्या पोत्यातून सुटे दाणे मोजून देतात, ते घेऊ नका : तारीख कळत नाही आणि आपल्या पावसाळ्यात चरबी खवट होते. दाण्यांबरोबर दिवसातून एकदा काही ओले द्यावे, आणि पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात.

ज्यांच्या घरी मांस शिजते, त्यांनी थोड्या पाण्यात पूर्ण शिजवून द्यावे आणि ते पाणीही त्याच ताटात घालावे, म्हणजे टॉरिन वाया जात नाही. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आपल्या ताटातला रस्सा तिला देऊ नका. शिजलेली हाडे काढून टाका, ती चिरफळून आतड्यात रुततात. मासळीही उकडूनच, कारण काही कच्च्या मासळीत ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. मात्र हे शिजवलेले अन्न रोजच्या आहाराचा साधारण दहावा भागच असावे, बाकी पाकिटातले. सगळेच घरचे द्यायचे असेल तर कॅल्शियम आणि इतर पूरके किती घालायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंदाजाने करू नका. मी अंदाजानेच केले होते.

आणखी एक. मोठ्या तलावावर थंडीत दूरदेशीचे पक्षी येतात. मेलेला पक्षी, कावळा किंवा बगळा दिसला तर हात लावू नका, मांजरालाही ओढू देऊ नका, मोठ्यांना सांगा. त्यांनी पशुपालन विभागाला कळवावे. मांजर एकाएकी खायची थांबली, ताप आहे, श्वास जड आहे असे दिसले, तर डॉक्टरांना आजार सांगाच, पण तिने चार दिवसांत काय खाल्ले तेही सांगा. आणि माणसांची तापाची गोळी तिला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे आहे.

ज्याच्या आजीवरून हा लेख सुरू झाला, त्याला मी हे सगळे लिहिण्याआधीच बोलावून सांगितले होते. गेल्या आठवड्यात तो पुन्हा आला. आजीने पाकिटाची किंमत ऐकून साफ नकार दिला म्हणे, पण छिछडे आता गॅलरीतल्या जुन्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात शिजतात. मांजर दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी खाल्ले. मी त्याला म्हटले, की नुसत्या छिछड्यांनी कॅल्शियमचे भागणार नाही. आजीला सांग, सगळे नाही तर निम्मे तरी पाकिटातले घाल, आणि मांजरीला घेऊन सरकारी पशुचिकित्सालयात एकदा जाऊन या. तो म्हणाला, ‘मॅडम, ते तुम्हीच आजीला फोन करून सांगा.’ रविवारी मी फोन करणार आहे.